तोंडात काय आहे रे?

लॅब्रॅडॉर पाळलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, की बाबा रे, तू दिवसभरात कुत्र्याशी सगळ्यात जास्त वेळा काय बोलतोस? 'गुड बॉय' वगैरे सगळं फोटोपुरतं. खरं वाक्य एकच. 'तोंडात काय आहे रे? टाक! आधी टाक!' सॉक्स, रिमोट, टिश्यू पेपर, हेडफोनची वायर... लॅबच्या पोटाला कशाचंच वावडं नाही. निदान त्याचा स्वतःचा तरी तसा ठाम समज असतो.

शहरात हे सगळं गमतीत खपून जातं. ही गंमत टेन्शनमध्ये कधी बदलते? तर लाँग वीकेंडला आपण त्याच लॅबला गाडीच्या मागच्या सीटवर घालून गावाकडे निघतो तेव्हा. आणि हल्ली सगळेच निघतात. डॉग बोर्डिंगचे रेट पाहिले की 'चल, आजीकडे जाऊ' हाच ऑप्शन परवडतो. कुत्रं खूश, आपण खूश, आजीही (थोडीशी) खूश.

माझ्यासाठी हे 'गाव' म्हणजे जळोची. आत्याचं घर. जळोची आता बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आहे, त्यामुळे गाव म्हटलं की माझा आतेभाऊ चिडतो. त्याचंही बरोबर आहे. एका अंगाला एमआयडीसी आणि पार्किंगवाल्या सोसायट्या, मध्ये बाजार समितीचा भाजीपाल्याचा उपबाजार, आणि जरा पुढे गेलं की मका नि ऊस. आतेभाऊ एमआयडीसीत नोकरीला, राहायला फ्लॅटमध्ये, त्याच्याकडे ब्रूनो नावाचा पिवळा लॅब. आत्या आणि मामा (आत्याच्या यजमानांना आम्ही मामाच म्हणतो) शेतातल्या घरात, त्यांच्याकडे राजा. राजाची जात विचारली तर मामा म्हणतात, 'कुत्र्याची.'

सांगायचा मुद्दा असा, की इथल्या कुत्र्याला दोन्ही जगांमधली विषं उपलब्ध आहेत. फ्लॅटमधली शुगर-फ्री च्युइंग गमची डबीसुद्धा आणि बांधावरची औषधाची बादलीसुद्धा. पेट केअरच्या चकचकीत इंग्रजी पुस्तकांमध्ये ज्या याद्या असतात त्या बर्फाळ देशांतल्या गॅरेजसाठी लिहिलेल्या. आपल्याकडचं कुत्रं खरोखर कशाने मरतं, हे त्यात निम्मंच सापडतं. म्हणून या वेळचा कॉलम जळोचीच्या अंगणातून.

सुरुवात किचनपासून करू या, कारण तिथे सगळ्यांना आपण फार हुशार आहोत असं वाटतं. 'चॉकलेट द्यायचं नाही, माहितीये गं!' हे मला ब्रूनोच्या मालकाने सांगितलं. बारामतीकरांना हे माहीत असायलाच हवं म्हणा, फरेरोची चॉकलेट फॅक्टरी २०११ पासून इथल्याच एमआयडीसीत आहे. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन आपण काही तासांत पचवून टाकतो, कुत्र्याच्या शरीरात ते बराच काळ फिरत राहतं. दहा किलोच्या कुत्र्याच्या पोटात साधारण २०० मिलिग्रॅम गेलं की उलट्या आणि अस्वस्थपणा सुरू होऊ शकतो, त्याच्या दुप्पट-तिप्पट गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, झटके येतात. हिशोब सोपा आहे. मिल्क चॉकलेट असेल तर १०० ग्रॅमची एक वडी, डार्क असेल तर ४० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे डार्क चॉकलेट जेवढं महागडं तेवढं कुत्र्याला वाईट, एवढं लक्षात ठेवा. कॉफी पावडरही त्याच खानदानातली.

पण चॉकलेट आपल्याकडे कुत्र्याला रोज कोण देतं? रोज मिळतो तो रस्सा! आदल्या रात्रीची भाकरी, तिच्यावर उरलेला मटणाचा नाहीतर मटकीचा रस्सा, कुस्करून ताटलीत. पश्चिम महाराष्ट्रातल्या निम्म्या कुत्र्यांचं हेच डिनर. आणि त्या रश्श्यात काय असतं? कांदा-लसूण मसाला. नावातच आरोपपत्र आहे! कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चा असो, तळलेला असो, वाळवून पूड केलेला असो, शिजवल्याने त्यातली खोड जात नाही. कांदा किलोमागे १५ ते ३० ग्रॅम गेला की त्रास होतो असं धरलं जातं, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दोन-तीन मध्यम कांदे. लसूण त्याहून जोरकस. एका दिवसाच्या भाकरीत एवढा नसेलही, पण रोजचं थोडं थोडंही साचत जातं. आणि लक्षणं लगेच दिसत नाहीत, काही दिवसांनी दिसतात. कुत्रं मलूल, हिरड्या पांढुरक्या, लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा. तोवर कांद्याची आठवण कुणाला राहते?

हे मी आत्याला सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मला शब्दांत मांडता येणार नाही. 'अगं, आमच्या चार पिढ्यांची कुत्री रस्सा-भाकरीवर जगली. तुझ्या पुण्यातली असतील नाजूक.' आत्याशी वाद घालायचा नसतो. मी फक्त विचारलं, चार पिढ्यांतली किती कुत्री दहा वर्षांची झाली? ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'तेवढी कोण मोजतंय?' आता ती राजाची भाकरी फोडणीच्या आधी बाजूला काढलेल्या शिजवणीत कुस्करते. मात्र हे माझ्यामुळे नाही, 'त्याला तिखट लागतं' म्हणून, असं तिचं म्हणणं आहे. चालेल!

आता द्राक्षं. बारामती-इंदापूर पट्ट्यात हिवाळा संपता संपता कुणाच्याही घरी जा, द्राक्षाची पेटी असतेच. मुलं खातात, कुत्र्याकडे एकेक दाणा उडवतात, तो हवेत झेलतो, सगळे टाळ्या वाजवतात. मस्त व्हिडिओ होतो. द्राक्षं आणि बेदाणे खाऊन कुत्र्यांच्या किडन्या निकामी होतात, हे अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी २००१ मध्ये नोंदवलं. वीस वर्षं कुणालाच कळेना, की द्राक्षात नेमकं आहे काय. एखादं कुत्रं घडच्या घड पचवायचं, दुसरं मूठभर बेदाण्यांनी आडवं व्हायचं. २०२१ मध्ये तिथल्याच विषतज्ज्ञ पशुवैद्यांनी टार्टारिक अॅसिडकडे बोट दाखवलं. ते प्रत्येक जातीच्या, प्रत्येक पिकल्या-कच्च्या द्राक्षात कमी-जास्त असतं, त्यामुळे डोसचा पत्ता लागत नव्हता.

आणि इथे आपण मराठी लोकांनी कान टवकारायचे. कारण टार्टारिक अॅसिड ठासून भरलेली दुसरी गोष्ट कुठली? चिंच! चिंच खाल्लेल्या कुत्र्यांच्या किडन्यांचंही तसंच झाल्याच्या नोंदी त्यानंतर पुढे आल्या. म्हणजे आंबट-गोड आमटीचा भात, पाणीपुरीचं उरलेलं पाणी, अंगणात पडलेली गाभुळलेली चिंच... सगळं आपलंच, घरचं. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा. किती खाल्लं तर चालतं, असा सुरक्षित आकडा यात नाही. पहिल्या दिवसात उलट्या, मग कुत्रं खाणं सोडतं, दोन-तीन दिवसांत लघवी कमी होत जाते. उलटी झाल्या झाल्या डॉक्टरकडे जाऊन सलाइन लागलं तर किडनी वाचण्याची चांगली आशा असते, लघवी बंद झाल्यावर फारशी नसते.

शुगर-फ्री गमचं एका वाक्यात सांगते. त्यातल्या झायलिटॉलने कुत्र्याची साखर अर्ध्या-एक तासात धाडकन उतरते, पुढे लिव्हरही जाऊ शकतं, तेव्हा पर्सची चेन लावून ठेवायची. पुढे.

आता मूळ गोष्टीकडे येते, जिच्यामुळे हा कॉलम लिहावासा वाटला. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी नावाचं प्रकरण आधी कर्नाटकात दिसलं आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या मक्यावर येऊन बसलं. बारामतीकडे मका म्हणजे दुभत्या जनावरांचा चारा नि मुरघास, त्यामुळे ही अळी इथे चहाच्या टपरीवरचा विषय आहे. तिच्यासाठी शेतीतज्ज्ञांनी जे उपाय सांगितले, त्यातला एक म्हणजे विषारी आमिष. भाताचा कोंडा आणि गूळ पाण्यात कालवून आंबवायचा, त्यात थायोडीकार्ब हे कीटकनाशक मिसळायचं आणि मक्याच्या पोंग्यात चिमूट चिमूट टाकायचं. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर उपाय शहाणपणाचा आहे, अख्ख्या रानावर फवारा मारावा लागत नाही. कुत्र्याच्या बाजूने पाहिलं तर? कोंडा, गूळ, आंबूस वास. ती बादली म्हणजे त्याच्यासाठी शिराच की!

गेल्या पावसाळ्यात मी तिकडे होते. आमिष टाकून झालं, बादली मोटारीच्या खोलीबाहेर उपडी करून ठेवली होती. धुवायची राहिली होती, कारण लाइट गेली होती आणि मोटार बंद. तळाला चिकटलेला लगदा, बस, तेवढाच. मी ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसले होते. राजा समोरून आला तेव्हा त्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती. पाच मिनिटांनी पाहिलं तर लाळेचा फेस, डोळ्यांतून पाणी, आणि पाठीचे स्नायू कातडीखाली वळवळल्यासारखे थरथरतायत. मागचे पाय वाकडे पडत होते. मी घाबरून पुण्यातल्या क्लिनिकला फोन लावत होते. मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी बादली पाहिली, राजाचा जबडा हुंगला, आणि गाईंच्या डॉक्टरांना फोन केला. 'डॉक्टर, कुत्र्याने औषध खाल्लंय. अळीचं. पुडी आहे, दाखवतो.'

डॉक्टर मोटारसायकलवर आले. आधी राजाच्या डोळ्यात टॉर्च मारला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मग पुडी मागितली, वाचली, बॅगेतून अॅट्रोपिन काढलं. एक शिरेतून, मग थोड्या थोड्या वेळाने पुन्हा, लाळ थांबेपर्यंत, छातीतली घरघर कमी होईपर्यंत. मला म्हणाले, 'मॅडम, तुम्ही घड्याळ बघत राहा, श्वास मोजा.' मी मोजले. रात्री साडेनऊला राजाने मान उचलली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने पाणी प्यायलं आणि आत्या देवघरात गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालंय. आपल्याला शहरातल्या एसी पेट क्लिनिकचं फार कौतुक, पण कीटकनाशकाच्या विषबाधेत तालुक्याचा जनावरांचा डॉक्टर कुणापेक्षाही कमी नाही. फवारलेला चारा खाल्लेल्या गाई त्याने आयुष्यभर पाहिलेल्या असतात. अॅट्रोपिन त्याच्या बॅगेत असतंच. पुण्याचा रस्ता धरला असता तर राजा पाटसच्या आसपासच संपला असता. म्हणून गावी गेलात की पहिल्या दिवशी, सेल्फी काढायच्या आधी, तिथल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता आणि डॉक्टरांचा नंबर फोनमध्ये टाका. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकांचा टोल-फ्री नंबरही सेव्ह करा. केस गुंतागुंतीची असेल तर पुढे शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीतच असेल.

लाळ, अश्रू, उलटी, जुलाब, बारीक बाहुल्या, थरथर. हे चित्र ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या दोन्ही गटांतल्या औषधांचं. थायोडीकार्ब दुसऱ्या गटातलं. पहिल्या गटातलं सगळ्यात बदनाम म्हणजे फोरेट, गावात ज्याला कुठलीही कंपनी असली तरी 'थिमेट' म्हणतात. उसातल्या हुमणीसाठी वर्षानुवर्षं वापरलं गेलं. २०१८ च्या सरकारी आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर देशभर बंदी आली, डायक्लोरव्हॉसवरही. पण बंदी आली म्हणून गोठ्यातल्या फळीवरचा जुना डबा आपोआप गायब होत नाही. तुमच्या काकांच्या शेडमध्ये एकदा डोकावून बघाच. प्रत्येक डब्यावर एक रंगीत चौकोन असतो. लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे 'पिऊन टाका' असं नाही, हेही सांगायला लागतं!

गोगलगायींसाठीच्या गोळ्या हा आणखी एक प्रकार. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबादकडे (आता धाराशिव) गोगलगायींनी सोयाबीन फस्त केलं, तेव्हा मेटाल्डिहाइड हे नाव घराघरांत पोहोचलं. आता नर्सऱ्यांमधून ते शहरातल्या टेरेस गार्डनपर्यंत आलंय. या गोळ्यांतही गोगलगायीला आवडावं म्हणून धान्याचा चारा असतो आणि गोगलगायीला जे आवडतं ते कुत्र्यालाही. एक ते तीन तासांत अंग थरथरायला लागतं, ताप भडकतो, झटके येतात. याला अॅट्रोपिनसारखा थेट उतारा नाही. झटके थांबवायचे, अंग गार करायचं, तग धरायचा.

उंदरांचं औषध मात्र सिटी असो की रान, सगळीकडे कॉमन. आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण 'उंदराचं औषध' हे एक विष नाही, तीन वेगवेगळी विषं आहेत. किराणा दुकानात मिळणाऱ्या रंगीत वड्यांमध्ये बहुतेक वेळा ब्रोमाडिओलोन असतं. ते रक्त गोठू देत नाही. वडी खाल्लेलं कुत्रं पहिले दोन-तीन दिवस ठणठणीत असतं, शेपूट हलवतं, आपण म्हणतो 'काही झालं नाही, वाचला.' मग नाकातून रक्त, काळी शी, नाहीतर पोटात आतल्या आत रक्तस्राव. याला उतारा आहे आणि चांगला आहे, व्हिटॅमिन के-१. पण तीन-चार आठवडे द्यावा लागतो. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद केल्या की सगळी मेहनत पाण्यात.

दुसरं झिंक फॉस्फाइड, शेतातली काळी पूड. पोटातल्या अॅसिडशी तिचा संबंध आला की फॉस्फिन वायू तयार होतो. म्हणून अशा कुत्र्याला काही खाऊ घालायचं नाही, पोटात अन्न गेलं की अॅसिड वाढतं. आणि गाडीतून नेताना काचा उघड्या ठेवायच्या, कारण त्याने उलटी केली तर तो वायू तुमच्याही छातीत जाणार. सडक्या मासळीसारखा किंवा लसणासारखा वास आला तर समजा हेच.

तिसरी ट्यूबमधली पेस्ट, पिवळा फॉस्फरस. पावाला, टोमॅटोला लावून ठेवतात. माझ्या मते या तिघांतलं सगळ्यात कपटी हेच. पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस कुत्रं सुधारल्यासारखं वाटतं, आणि तेवढ्यात लिव्हर गेलेलं असतं. उतारा नाही. आतेभावाच्या सोसायटीत एक स्पिट्झ असाच गेला. ग्राउंड फ्लोअरच्या डक्टमध्ये कुणीतरी पावाचे तुकडे ठेवले होते, उंदरांसाठीच. त्यांचा हेतू वाईट नव्हता. स्पिट्झच्या घरातल्या आठवीतल्या मुलाला हे समजावणं कुणालाच जमलं नाही. सोसायटीने आता ठराव केलाय, की पेस्ट अजिबात नाही, वड्या ठेवायच्या तर कुलूपबंद डबीतच आणि कुठे ठेवल्या त्याची यादी वॉचमनकडे. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये पार्किंगच्या भांडणाआधी हा विषय घ्या ना.

औषधांचं कपाट. कुत्रं लंगडतंय, ताप आहे, म्हणून 'अर्धी गोळी दिली' हे वाक्य डॉक्टर लोकांना रोज ऐकावं लागतं. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटॅमॉल, डायक्लोफिनॅक... यातलं काहीही नाही. पोटात अल्सर, किडनी, लिव्हर, जे आधी सापडेल ते. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी वापरायला २००६ मध्ये बंदी आली ती गिधाडांमुळे, पण कुत्र्याच्या पोटालाही ते काही मानवत नाही.

आणि गोचीड! गावाहून आलेल्या कुत्र्याच्या कानात गोचीड दिसला की आपण वेडे होतो. मग कुणीतरी सांगतं, गाईचं औषध आहे की, चोळ. डेल्टामेथ्रिन असो की अमिट्राझ, ही औषधं पाण्यात अगदी मोजून, मिलिलिटरमध्ये पातळ करायची असतात. 'अंदाजे एक झाकण' हे माप नव्हे. अमिट्राझ जास्त झालं, किंवा कुत्र्याने ओलं अंग चाटलं, तर ते झोपाळू होतं, ठोके मंदावतात, चालताना झोकांड्या खातं. औषध वाळेपर्यंत गळ्यात तो लॅम्पशेडसारखा कॉलर घाला, फोटो विनोदी येईल पण येऊ द्या. कोली जातीचं किंवा कोलीच्या रक्ताचं कुत्रं असेल तर आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना जात जरूर सांगा. त्यांच्यातल्या अनेकांच्या जनुकात एक दोष असतो, त्यामुळे ते औषध थेट मेंदूत पोचतं.

बागेत काय काय आहे हे विचारलंत तर यादी लांब होईल आणि तुम्ही घाबरून सगळी झाडं उपटाल. तसं करू नका. कण्हेर आणि बिट्टी हृदयाला घातक आहेत हे खरं, पण चवीला इतकी कडू की मोठं कुत्रं दुसरा घास घेत नाही. पिल्लांवर लक्ष ठेवा, त्यांना दात शिवशिवतात म्हणून काहीही चालतं. मनी प्लांट आणि डिफेनबाकियाने तोंड सुजतं, लाळ गळते, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. मला खरी भीती दोन गोष्टींची वाटते. एक सायकस, तो लॉबीतला स्टायलिश पामसारखा दिसणारा. त्याच्या बिया लिव्हर संपवतात आणि एखाद-दुसरी बीसुद्धा पुरते. घरात चघळणारं कुत्रं असेल तर सायकस नकोच.

दुसरी गोष्ट ऐकून तुम्हाला धक्का बसेल. एरंडीची पेंड! कुंड्यांसाठी 'एकदम ऑर्गॅनिक' म्हणून जी पोती विकली जातात, ती. एरंडाच्या बीचं तेल काढलं की रिसिन नावाचं विष मागे पेंडीत राहतं, ती नीट प्रक्रिया केलेली नसेल तर. कुत्र्यांना तिचा वास प्रचंड आवडतो, त्यात बोनमील मिसळलं असेल तर बघायलाच नको, सगळी कुंडी उकरून खातात. काही तासांनी उलट्या, मग रक्ताचे जुलाब. नीमपेंड वापरा, गांडूळखत वापरा. ऑर्गॅनिक या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवायची आपल्या पिढीला सवय लागलीये, पण साप पण ऑर्गॅनिकच असतो.

डांबर गोळ्या कपाटात वरच्या कप्प्यात. फिनेलने पुसलेली फरशी वाळेपर्यंत कुत्र्याला गॅलरीत. गाडीखाली कूलंट गळत असेल तर आधी ते धुवा, त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि किडनी खलास करतं. झालं.

समजा, खाल्लंच. तर काय करायचं नाही, ते आधी सांगते. मिठाचं पाणी पाजायचं नाही. गावात सगळे हेच सांगतील, घशात ओतायला दोन माणसं धावूनही येतील, पण उलटी नाही झाली तर ते मीठच रक्तात जाऊन मेंदूला इजा करतं. दूध नाही, तूप नाही. फॉस्फरस, डांबर गोळी अशी कितीतरी विषं स्निग्ध पदार्थासोबत जास्त शोषली जातात. थरथरणाऱ्या किंवा अर्धवट शुद्धीतल्या कुत्र्याच्या तोंडात काहीच ओतायचं नाही, ते फुफ्फुसात जातं. उलटी करवायची की नाही हा डॉक्टरचा निर्णय, आणि तो साधारण पहिल्या दोन तासांतच उपयोगाचा. तुम्ही तेवढं करा, की उरलेलं तोंडातून, पंजावरून काढून टाका. अंगावर औषध सांडलं असेल तर हातमोजे घालून साध्या पाण्याने, भांड्याच्या साबणाने धुवा. पुडी, डबा, ट्यूब, चघळलेल्या झाडाची फांदी, जे असेल ते पिशवीत घाला. किती वाजता खाल्लं आणि वजन किती, दोन आकडे पाठ ठेवा. आणि निघा. लक्षणं दिसायची वाट बघत बसलात तर ब्रोमाडिओलोनसारख्या विषाला तुम्ही तीन दिवसांचा हेडस्टार्ट दिलात.

एक कडू विषय राहिला. सगळीच विषबाधा अपघात नसते. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा त्रास होतो म्हणून मटणात औषध घालून टाकणारी माणसं शहरातही आहेत, गावातही. त्यातला एखादा तुकडा मॉर्निंग वॉकला निघालेल्या तुमच्या ब्रूनोच्या तोंडात जातो. त्रास खरा असू शकतो, मी तो नाकारत नाही, पण विष घालणं हा गुन्हा आहे. आधी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४२८ आणि ४२९ खाली यायचा, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली येतो, पाच वर्षांपर्यंत कैद. शिवाय १९६० चा प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहेच, फक्त त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे एका कटिंग चहाच्या आसपास. असं काही घडलं तर दुःखाच्या भरात लगेच पुरून टाकू नका. सरकारी पशुवैद्याकडून पोस्टमॉर्टेम करून घ्या, व्हिसेरा तपासणीला पाठवायला सांगा, उरलेला तुकडा काचेच्या बरणीत जपून ठेवा आणि तक्रार लेखी द्या. पुराव्याशिवाय केस पुढे सरकत नाही.

राजा मजेत आहे. मामांनी आमिषाच्या बादलीला झाकण आणि कुलूप केलंय, आणि ती धुतल्याशिवाय ते चहा घेत नाहीत, लाइट असो वा नसो. ब्रूनोच्या मालकाने परवा फोन केला, 'याने अख्खा टूथब्रश खाल्ला, विषारी असतो का गं?' नाही, पण एक्स-रे काढ म्हटलं.

मांजरवाल्यांनो, तुम्ही इतका वेळ वाचत असाल तर बुकेतली लिली तेवढी आजच घराबाहेर काढा, तिच्या परागांनीसुद्धा मांजराची किडनी जाते. बाकीचं तुमच्यासाठी पुढच्या आठवड्यात.